हिमाच्छादित अग्नी

 

आपल्या तेलंगणातील मालावत पूर्णा हिने २०१४ साली, चौदा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, एव्हरेस्ट सर केले. २०१७ साली तिने रशियातील ५६४२ मीटर उंच एल्ब्रुस गाठले. हा पर्वत म्हणजे सुप्त ज्वालामुखी. वर हिम, उदरात अग्नी!

अशा पर्वतावर हिमाखाली खोल भेगा दडलेल्या असतात. वाटाड्या पुढे होऊन काठीने हिम चाचपतो. मागील मंडळी दोराने त्याच्याशी बांधलेली असतात व त्याच्याच पावलांवर पाऊल ठेवतात. मात्र तो कोणास खांद्यावर नेत नाही. चढावे ज्याचे त्यानेच. आणि वारे फिरले की, शिखर समोर दिसत असतानाही तो 'माघारी चला' म्हणतो. कसोटी लागते ती तेथे.

मी पाठशाळेत नित्य शांतिपाठ म्हणतो. तरी एकदा भर सभेत गुरुजींनी माझा स्वरदोष दाखविला, तेव्हा संतापाने माझा कंठ दाटला. हिम म्हणजे शांती नव्हे, हे त्या क्षणी उमगले. दुसऱ्या प्रभाती मी पहिल्या पाठापासून पुन्हा आरंभ केला.

श्रीगुरूंनी धरलेला दोर आपल्या हातून न सुटो, हीच प्रार्थना. इति शम्.