तुका म्हणे आणि इब्न जाहिर म्हणतो

तुकोबांची गाथा घरात आहे, पण उघडली जात नाही, असं तुमच्याही घरी असेल. साडेचार हजारांवर अभंग. सुरुवात कुठून करायची? गो. नी. दांडेकरांची ‘तुका आकाशाएवढा’ वाचलेल्यांना वाट जरा सोपी होते. कादंबरीकार अभंग निवडतो तेव्हा त्याच्याभोवतीचं आयुष्यही उभं करतो. दुष्काळ, बुडालेलं दुकान, इंद्रायणीचा काठ. मग अभंग कानात राहतो.

आपण राहतो त्या अमिरातीच्या मातीतल्या कवितेचंही असं एक पुस्तक आहे. कवी अल-मायिदी इब्न जाहिर. काळ साधारण सतराव्या शतकाचा, म्हणजे तुकोबांच्या आगेमागेच. त्याची कबर रास अल खैमाजवळ अल खरानला आहे, असं तिथले लोक सांगतात. कविता नबाती, म्हणजे बोलीतली, तोंडोतोंडी जपलेली. म्हातारपणाची तक्रार, गेलेलं तारुण्य, आणि पाऊस. वाळवंटातला माणूस ढगांकडे कसा बघतो, ते मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगावं लागणार नाही.

डच राजदूत राहिलेले मार्सेल कुर्परशोक यांनी त्या कविता ‘लव्ह, डेथ, फेम’ या नावानं संपादित केल्या. पुस्तक आलं २०२२ साली. मला त्यातलं आवडलं ते हे, की कवितांसोबत लोक सांगत आलेल्या कवीच्या गोष्टीही त्यांनी ठेवल्या. खऱ्या-खोट्याची चाळणी लावून त्या फेकल्या नाहीत. पाण्यावर तरलेल्या वह्यांची गोष्ट काढून घेतली, तर आपल्याला तुकोबा किती उरतील?

आणखी एक गंमत. आपल्याकडे कवीचं नाव शेवटी येतं, ‘तुका म्हणे’. इब्न जाहिर मात्र सुरुवातीलाच आपलं नाव घेतो आणि मग बोलू लागतो.

आपली मुलं इथल्या शाळेत अरबी शिकतात, पण देवनागरीत अडखळतात. गाथेचा अभंग तुम्ही वाचून दाखवा, आणि या पुस्तकातली अरबी ओळ त्यांना वाचू द्या. बोली जुनी आहे, शाळेच्या अरबीवर सगळी कळणार नाही. इंग्रजी भाषांतर सोबत आहे. एरवी तुम्ही त्यांना अक्षरं दाखवता, या वेळी ती तुम्हाला दाखवतील. पावसाच्या कवितेपासून सुरू करा.