हरवलेलें माणूस आणि ठाण्यावरचा कागद

(व्याख्यान)

शेतकरी-कारागिरांच्या सभेंत फौजदार-शिपायांच्या गोष्टी कशाला, असें कोणी म्हणेल. त्यास आमचें उत्तर एवढेंच, कीं आपली म्हैस हरवली तर आपण दहा गांवचे बाजार धुंडाळतों. पण घरांतलें माणूस हरवलें म्हणजे आपले पाय पोलीस ठाण्याच्या पायरीशीं अडखळतात. ते कां अडखळतात आणि त्यानें काय नुकसान होतें, तें आज सांगावयाचें आहे.

प्रकार नेहमींचाच आहे. पंधरा वर्षांची पोरगी शाळेंतून घरीं आली नाहीं. बाप रात्रीं ठाण्यावर जातो. अंमलदार मान वर न करतां म्हणतो, "गेली असेल कोणाबरोबर. नातेवाइकांकडे बघा. चोवीस तास झाले म्हणजे या." बाप दुसऱ्या दिवशीं जातो, तर उत्तर मिळतें, "शाळा दुसऱ्या हद्दींत आहे, तिकडे जा." बीडकडचीं कुटुंबें ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, त्यांचें पोर फडावरून नाहींसें झालें, तर तिकडचें ठाणें गांवाकडे बोट दाखवितें आणि गांवचें ठाणें फडाकडे. या येरझारांत दोन दिवस जातात, आणि पोर पळविणाऱ्यास तेवढेच पाहिजे असतात. दोन दिवसांत आगगाडी देशाच्या दुसऱ्या टोंकास पोंचते, आणि दुकानांवर, स्थानकांवर लाविलेल्या कॅमेऱ्यांतील चित्रें कांहीं दिवसांनीं आपोआप पुसलीं जातात.

आतां कायदा काय म्हणतो तें ऐका. चोवीस तास थांबावें असें कोणत्याही कायद्यांत लिहिलेलें नाहीं. हद्दीची सबबही चालत नाहीं. १ जुलै २०२४ पासून जी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्या १७३ व्या कलमांत स्पष्ट आहे, कीं गुन्हा कोठेंही घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यानें लिहून घेतली पाहिजे. अशी खबर शून्य क्रमांकानें नोंदवून मग योग्य ठाण्याकडे पाठवावयाची असते. तोंडीं सांगितली तर ती लिहून फिर्यादीस वाचून दाखवावयाची, आणि तिची नक्कल फुकट द्यावयाची. ज्याला अक्षर येत नाहीं, त्याचाही हा हक्क आहे.

हा हक्क कोणाच्या मेहेरबानीनें आलेला नाहीं. उत्तर प्रदेशांतील एका बापानें मे २००८ मध्यें आपली अल्पवयी मुलगी पळविल्याची लेखी फिर्याद ठाण्यावर दिली. ठाण्यानें कांहीं केलें नाहीं. तो जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाकडे गेला, तेव्हां कोठें गुन्हा नोंदला गेला. तरी तपास हलला नाहीं. मग तो सर्वोच्च न्यायालयांत गेला. पांच न्यायाधीशांनीं १२ नोव्हेंबर २०१३ रोजीं निकाल दिला, कीं खबरींत दखलपात्र गुन्हा दिसत असेल, तर तो नोंदणें हें पोलिसांवर बंधनकारक आहे. जो अधिकारी नोंदणार नाहीं, त्याच्यावर कारवाई झाली पाहिजे. त्याच वर्षीं १० मे रोजीं त्याच न्यायालयानें दुसऱ्या एका खटल्यांत हुकूम केला होता, कीं अठरा वर्षांखालील मूल हरवल्याची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवावी आणि उलट सिद्ध होईपर्यंत तें पळविलें गेलें आहे असेंच धरून चालावें. चार महिन्यांत मूल मिळालें नाहीं, तर तपास माणसांच्या तस्करीविरुद्धच्या खास पथकाकडे जावयाचा असतो.

हुकूम न होता तर काय होत असे, याची साक्ष दिल्लीजवळचें निठारी गांव देतें. तेथें मोलमजुरी करणाऱ्यांचीं मुलें एकामागून एक नाहींशीं होत होतीं. आईबाप ठाण्यावर खेटे घालीत होते, आणि त्यांना वाटेस लावलें जात होतें. डिसेंबर २००६ मध्यें एका बंगल्यामागच्या नाल्यांत हाडें सांपडलीं. पुढें खटले चालले, फांशीच्या शिक्षा झाल्या. परंतु २०२३ सालीं अलाहाबाद उच्च न्यायालयानें आरोपींना सोडून दिलें आणि तपासावर कडक ताशेरे ओढले. २०२५ सालीं सर्वोच्च न्यायालयांतही तेंच कायम झालें. मुलें गेलीं तीं गेलींच, आणि तीं कोणीं नेलीं हेंही सिद्ध झालें नाहीं. श्रीमंताचें पोर असतें, तर पहिल्याच रात्रीं कंदील घेऊन शोध झाला नसता काय?

मग कायदा असून ठाणें टाळतें कां? एक कारण असें, कीं नोंदलेला प्रत्येक गुन्हा ठाण्याच्या हिशेबांत चढतो. वरचा साहेब आंकडा पाहतो, म्हणून न लिहिणें सोयीचें. दुसरें कारण आपण स्वतः आहों. शिपाई तरी कोणाचीं मुलें? आपलींच. ठाण्यांत माणसें कमी व कामें फार, हेंही खरें. पण ठाण्यानें "पळून गेली असेल" एवढे शब्द उच्चारले, कीं आपण अब्रूच्या भीतीनें मान खालीं घालून परततों. भावकींत बोभाटा नको, मुलीचें लग्न मोडेल, म्हणून आपणच चार दिवस गोष्ट दाबतों. शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण आपल्याला कोणीं शिकविली? ज्यांना आपण पायरीवर आलेले नको होतों, त्यांनींच. जोतीराव फुले यांनीं १८८३ मध्यें 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यांत अडाणी शेतकरी सरकारी कचेरींत कसा नागवला जातो तें मांडलें. कचेरी बदलली, आपली भीति मात्र तीच राहिली.

शिवाय अठरा वर्षांखालील मुलगी "आपखुशीनें गेली" असें जरी दिसलें, तरी पालकाच्या ताब्यांतून तिला नेणें हा गुन्हाच आहे. तेथें तिच्या खुशीचा प्रश्न येत नाहीं.

पण हीच तलवार उलटीही चालते, तेंही आज सांगितलें पाहिजे. वीस-बावीस वर्षांची मुलगी दुसऱ्या जातींतला नवरा पसंत करून घर सोडते, आणि तिचा बाप "पळविली" म्हणून खोटी फिर्याद देतो. हें पाप आहे. सज्ञान मुलीचा जबाब तिच्या तोंडून घेतला पाहिजे, तिला दोरीनें बांधलेल्या गाईसारखें परत आणतां येणार नाहीं. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हेंच सांगितलें. जातीभेद मोडूं म्हणणाऱ्या आम्ही लोकांनीं तरी या कामीं ठाण्याचा उपयोग करूं नये. असल्या खोट्या कागदांच्या ढिगांतच खऱ्या हरवलेल्या पोरीचा कागद दबून जातो.

आतां करावयाचें काय, तें घरच्या बायामाणसांनींही लक्षांत ठेवावें. माणूस दिसेनासें झालें, कीं त्याच तासाला ११२ वर कळवावें. मूल असेल तर १०९८ वरही. ठाण्यावर एकट्यानें जाऊं नये; पोलीस पाटील, शिक्षक किंवा चार शेजारी बरोबर न्यावे. अलीकडचा फोटो, अंगावरचे कपडे, मोबाइलचा नंबर, शेवटचें कोठें दिसलें तें सांगावें. वयाचा दाखला न्यावा. मूल असेल तर गुन्हा नोंदवा म्हणावें. सज्ञान माणूस असेल तर निदान हरवल्याची नोंद करून तिचा क्रमांक घ्यावा, आणि घातपाताचा किंवा पळविल्याचा संशय असेल तर तो त्यांत लिहावयास लावावा. तरीही लिहीत नसतील तर तीच हकीकत पोस्टानें पोलीस अधीक्षकास पाठवावी व पोंच जपून ठेवावी. त्यानेंही न झाल्यास न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करतां येतो. कोणीं डांबून ठेवलें असेल, तर उच्च न्यायालयांत तें माणूस हजर करण्याचा अर्ज करतां येतो.

बंधुभगिनींनो, सातबाऱ्यावर नांव चढल्याशिवाय आपण तलाठ्याच्या दारांतून हलत नाहीं. मग पोटच्या पोराचें नांव ठाण्याच्या कागदावर चढल्याशिवाय, आणि त्याची नक्कल हातांत पडल्याशिवाय, ठाण्याच्या दारांतून हलावयाचें नाहीं. एवढा निश्चय आज प्रत्येक घरानें करावा, अशी विनंति करून आम्ही आपली रजा घेतों.