बाजार मांडणाऱ्याची जबाबदारी



आजच्या व्याख्यानासाठी मी जो विषय घेतला आहे तो वरवर पाहता व्यापाराचा आणि कायद्याचा आहे. परंतु ज्या समाजात परस्परांवरील विश्वास हेच व्यवहाराचे खरे भांडवल असते, त्या समाजात बाजाराची नीती हा सार्वजनिक नीतीचाच भाग ठरतो, आणि म्हणून त्याचा विचार या व्यासपीठावरून होणे मला उचित वाटते. ऑनलाइन बाजारांत नामांकित मालाच्या नावाने जो बनावट माल विकला जातो, त्याचे उत्तरदायित्व कोणाचे, हा आपला प्रश्न आहे. बनावट माल तयार करणाराचा अपराध उघड आहे आणि त्याविषयी कोणाचेच दुमत नाही. वाद आहे तो बाजार मांडणाराविषयी. ज्याच्या जागेत व्यवहार ठरतो, ज्याच्या गोदामातून पुष्कळदा माल निघतो, ज्याच्या हाती पैसा पडतो आणि ज्याच्या तिजोरीत प्रत्येक विक्रीमागे दस्तुरी जमा होते, त्याने ‘मी केवळ मध्यस्थ’ एवढे म्हणून मोकळे व्हावे काय?

या प्रश्नाचा विचार आपल्याकडे पूर्वी झालाच नव्हता असे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील कंटकशोधन या अधिकरणात व्यापाऱ्यांच्या लबाडीपासून प्रजेचे रक्षण कसे करावे याचे स्वतंत्र प्रकरण आहे. हलका माल भारी म्हणून, किंवा एका ठिकाणी निपजलेला माल दुसऱ्या ठिकाणचा म्हणून विकणारास त्यात दंड सांगितला आहे. पण माझ्या मते त्याहूनही लक्षणीय गोष्ट ही की, बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थाध्यक्षाने जुना माल विक्रीस किंवा गहाणास आला असता त्यावरील स्वामित्व शुद्ध असल्याची खात्री झाल्यावरच व्यवहार होऊ द्यावा, असा निर्बंध त्याच प्रकरणाच्या आरंभी घातला आहे. म्हणजे तपास विक्रीच्या आधी व्हावयाचा आणि तो बाजाराच्या अधिकाऱ्याने करावयाचा. पुढे मराठेशाहीत पेठ वसविताना शेटे आणि महाजन यांस वतने दिली जात, तेव्हा पेठेतील उत्पन्नावर त्यांचे हक्क चालत आणि त्या हक्कांच्या बरोबरीने पेठेची आबादी राखण्याचे कामही त्यांच्याकडे येई. पेशवाईतील पुण्यात वजने, मापे आणि भाव यांवर नजर ठेवणे हे कोतवालाच्या कामांपैकी एक होते. त्या व्यवस्थांत दोष नव्हते, किंवा लबाडी होत नव्हती, असे माझे म्हणणे नाही. परंतु जो बाजाराचे उत्पन्न खातो त्याच्याकडे बाजाराची अब्रूही सोपविलेली असते, हे तत्त्व त्यांत निःसंदिग्धपणे मान्य झालेले होते.

कारखानदारीच्या युगात माल बनविणारा आणि तो विकत घेणारा यांची गाठ पडेनाशी झाली, आणि ओळखीची जागा छापाने घेतली. इंग्लंडात शेफील्डच्या सुऱ्या-कात्र्यांची ख्याती होती, आणि जर्मनीतील झोलिंगेनचा माल शेफील्डच्या नावाने खपविला जाऊ लागला, तेव्हा 1887 साली ब्रिटिश पार्लमेंटने मालावरील खोट्या खुणांविरुद्ध कायदा केला. त्याच धर्तीचा कायदा 1889 साली हिंदुस्थानातही आला. आज ट्रेड मार्क्स अधिनियम, 1999 अन्वये खोट्या व्यापारचिन्हाचा माल विकणारास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि 50 हजारांपासून 2 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे सर्व कायदे एक गोष्ट गृहीत धरून चालतात: विकणारा कोठे तरी बसलेला आहे, त्याचे दुकान आहे, आणि पोलीस तेथे जाऊन मालाची जप्ती करू शकतात. ऑनलाइन बाजाराने हे गृहीतच मोडून टाकले आहे.

ते कसे मोडले, हे समजण्यासाठी या बाजाराची अंतर्गत रचना थोडी पाहावी लागेल. सामान्य ग्राहकाची समजूत अशी असते की, पडद्यावर जे पान दिसते ते एका दुकानाचे पान आहे. अनेक मोठ्या ऑनलाइन बाजारांत ते पान दुकानाचे नसून वस्तूचे असते. एकाच वस्तूच्या एकाच पानावर अनेक विक्रेते आपापला माल मांडतात. छायाचित्र एकच, वर्णन एकच, आणि पूर्वीच्या ग्राहकांनी दिलेले अभिप्रायही त्या पानावरच साचलेले असतात. ‘खरेदी करा’ हे बटण दाबले असता यांपैकी कोणत्या विक्रेत्याचा माल घरी येणार, हे बाजाराची संगणकीय व्यवस्था ठरविते, आणि त्या निवडीत किमतीला मोठे वजन असते. परिणाम असा की, एखाद्या नामवंत कंपनीने अनेक वर्षे चोख माल देऊन जी कीर्ती मिळविली, तिच्या पानावर एखादा अनोळखी विक्रेता येऊन बसतो, किंमत थोडी उतरवितो, आणि दुसऱ्याच्या कीर्तीवर आपला बनावट माल खपवितो. बनावट मालाला अस्सल मालाइतका खर्च नसल्यामुळे किमतीच्या चढाओढीत तो बहुधा वरचढच ठरतो.

गोदामातील एक पद्धत तर याहून धोक्याची आहे. अमेरिकेत अमेझॉनने अनेक वर्षे अशी व्यवस्था चालविली की, कारखान्याची सांकेतिक पट्टी एकच असेल तर निरनिराळ्या विक्रेत्यांनी पाठविलेले नग एकच समजावेत, आणि ज्या गोदामातून पाठविणे सोयीचे पडेल तेथला नग ग्राहकास धाडावा. त्यामुळे प्रामाणिक विक्रेत्याकडे पैसे भरलेल्या ग्राहकाच्या हाती लबाड विक्रेत्याचा नग पडू शकतो, आणि तक्रार मात्र प्रामाणिक माणसाच्या नावावर नोंदली जाते. एकाच कोठारात चांगले व किडके धान्य ओतावे आणि मागाहून ‘ज्याचे त्याने पाहावे’ असे म्हणावे, तसा हा प्रकार आहे. येथे ओतणारा हात बाजार मांडणाराचाच असतो.

या रचनेचे फळ काय, याचे एक प्रमाण अमेरिकेच्या सरकारी हिशेबतपासणी कार्यालयाने जानेवारी 2018 मधील आपल्या अहवालात दिले आहे. या कार्यालयाने लोकप्रिय ऑनलाइन बाजारांतील त्रयस्थ विक्रेत्यांकडून चार प्रकारच्या मिळून 47 वस्तू मागविल्या आणि त्या व्यापारचिन्हांच्या धन्यांकडून तपासून घेतल्या. 47 पैकी 20 बनावट निघाल्या. एका कंपनीच्या सौंदर्यप्रसाधनांचे 13 नमुने होते, ते तेराही खोटे. प्रवासी पेल्यांच्या 9 नमुन्यांपैकी 6 खोटे. आणि पादत्राणांचे 15 जोड मात्र सर्व अस्सल. एवढ्या थोड्या नमुन्यांवरून साऱ्या बाजाराचे प्रमाण काढणे चुकीचे होईल, आणि त्या कार्यालयानेही तसा दावा केला नाही. पण संपूर्ण बाजारात खोट्याचे प्रमाण कितीही असो, एका विशिष्ट वस्तूच्या ग्राहकापुरते ते शंभर टक्केही असू शकते, एवढे त्यावरून निश्चित सिद्ध होते.

कोणी म्हणेल की, स्वस्त पेला खोटा निघाला तर बिघडले कोठे? परंतु ज्यात वीज खेळते, वाफ कोंडते किंवा जे अंगाला लागते, त्या वस्तूंच्या बाबतीत हा निष्काळजीपणा जिवावर बेततो. अमेरिकेतील यूएल या परीक्षणसंस्थेने 2016 साली ॲपलच्या नावाने विकले जाणारे 400 बनावट चार्जर तपासले. त्यांपैकी 99 टक्क्यांहून अधिक परीक्षेत नापास झाले, आणि 12 तर असे होते की त्यांच्या धक्क्याने मृत्यू ओढवावा. आपल्या देशात 2022 साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणासमोर आलेले प्रेशर कुकरचे प्रकरण काटेकोरपणे बनावट मालाचे नव्हते. सक्तीच्या गुणवत्ता-आदेशाप्रमाणे मानकचिन्ह नसलेले कुकर विकल्याचे होते. तथापि आपल्या प्रश्नाचे मर्म त्यात जितके स्पष्ट झाले तितके क्वचितच अन्यत्र झाले असेल. अमेझॉनवरून असे 2,265 कुकर विकले गेले होते, आणि त्या विक्रीवर कंपनीस 6 लाख रुपयांहून अधिक दस्तुरी मिळाली होती. जेथे प्रत्येक नगावर लाभ घेतला जातो तेथे वस्तूच्या दोषापासून स्वतःस अलग ठेवता येणार नाही, अशी भूमिका घेऊन प्राधिकरणाने एक लाख रुपयांचा दंड केला आणि ग्राहकांस कळवून माल परत घेण्याचा व पैसे परत करण्याचा हुकूम दिला. कंपनीने त्यास दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. न्यायालयीन वाद आपल्या मार्गाने जातो. पण प्राधिकरणाने धरलेले सूत्र योग्य होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्राचा या प्रश्नाशी असलेला संबंध केवळ ग्राहकाचा नाही. आपल्या पैठणीस आणि कोल्हापुरी चपलेस भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळालेले आहे, आणि त्यामागे कारागिरांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची साधना उभी आहे. येवल्याचा विणकर पारंपरिक पैठणीचा पदर विणतो तेव्हा निरनिराळ्या रंगांचे बाणे हाताने एकमेकांत अडकवीत जातो, आणि त्यामुळे मोर, मुनिया किंवा असावलीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच स्वच्छ उमटते. यंत्रमागावरच्या नकलेत मागच्या बाजूस सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. म्हणून जाणती गृहिणी दुकानात पदर उलटून पाहते. पडद्यावरच्या चित्राचा पदर उलटता येत नाही. चार-दोन हजारांच्या यंत्रमागी साडीस ‘अस्सल हातमागाची पैठणी’ असे नाव दिले, की ते नाव वाचणारापाशी पडताळ्याचे कोणतेही साधन उरत नाही, आणि एकेका साडीसाठी आठवडेच्या आठवडे मागावर बसणाऱ्या विणकरास त्या किमतीशी स्पर्धा करणे अशक्य होते. परीक्षेचे साधन ज्या रचनेने ग्राहकाच्या हातून काढून घेतले, तिच्या चालकाने ती परीक्षा स्वतः करावी, ही अपेक्षा अवाजवी कशी म्हणता येईल?

आता कायद्याची स्थिती पाहू. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 79 ने मध्यस्थास, काही अटींवर, दुसऱ्याच्या कृत्याच्या दायित्वातून मुक्त केले आहे. शिवाय परकीय भांडवलाच्या नियमांनी अशा कंपन्यांस स्वतःचा माल न विकता केवळ बाजार चालविण्याचीच मुभा दिलेली असल्यामुळे, ‘विक्रेता मी नव्हे’ हे त्यांचे म्हणणे कागदोपत्री खरेही असते. नोव्हेंबर 2018 मध्ये ख्रिश्चन लुबुटाँ यांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी सक्रिय व निष्क्रिय मध्यस्थ असा भेद केला, आणि जो मध्यस्थ माल साठवितो, बांधतो, पोहोचवितो, त्याची जाहिरात करतो, त्यास ही मुक्ती सहज मिळू नये असा विचार मांडला. परंतु जानेवारी 2020 मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने ॲमवेच्या प्रकरणात, असा भेद कलमाच्या शब्दांत नाही, असे म्हटले. त्याच वर्षी जुलैमध्ये ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम आले. विक्रेत्याचा तपशील द्यावा, मालाचा मूळ देश सांगावा, तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात करावे, ही त्यांतील बंधने स्वागतार्ह आहेत. मात्र व्यापारचिन्हाच्या भंगाबद्दल ज्यांचा माल पूर्वी हटविला गेला, अशा वारंवार अपराध करणाऱ्या विक्रेत्यांची नोंद ठेवण्यास सांगून, लगेच पुढील परंतुकात, त्यांना काढून टाकणे बंधनकारक नाही, असेही हेच नियम म्हणतात. अपराध्याचे नाव दप्तरात लिहावे आणि त्याचे दुकान तसेच चालू द्यावे, ही कसूर दुरुस्त व्हावयास हवी.

याविरुद्ध एक आक्षेप घेतला जातो आणि तो आदराने ऐकण्यासारखा आहे. तपासणीचा भार वाढविला तर तो खेड्यातील लहान कारागिरावर पडेल, ज्याला या बाजारांमुळे प्रथमच दूरचा ग्राहक मिळाला, असे सांगितले जाते. भीती खरी आहे. पण तिचे उत्तर जबाबदारी सोडून देण्यात नसून ती प्रमाणात ठेवण्यात आहे. अमेरिकेने जून 2023 पासून अमलात आणलेल्या कायद्यात, वर्षभरात 200 किंवा अधिक व्यवहार आणि 5 हजार डॉलर्सची विक्री करणाऱ्या विक्रेत्याचेच बँकखाते, करक्रमांक आणि संपर्क पडताळून पाहण्याचे बंधन बाजारावर घातले आहे. लहान माणूस त्यातून आपोआप वगळला जातो. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने तर, बेकायदा वस्तू विकली गेल्याचे बाजारास कळले, की मागील सहा महिन्यांत ती घेणाऱ्या ग्राहकांस त्याने स्वतः कळवावे, असे ठरविले आहे. आपणही हेच मागावे: मोठ्या विक्रेत्यांची पडताळणी सक्तीची असावी, गोदामात एकाचा माल दुसऱ्याच्या मालात मिसळू नये, बनावट माल उघडकीस आला तर तक्रार न करणाऱ्या ग्राहकासही पैसे परत मिळावेत, वारंवार अपराध करणारास नव्या नावाने पुन्हा दार उघडे राहू नये, आणि ज्या बाजाराने माल साठविला, पुढे मांडला व त्यावर दस्तुरी घेतली, त्याचे दायित्व त्याच्या सहभागाच्या मानाने कायद्यात शब्दशः लिहिले जावे.

कायदा बदलेपर्यंत आपणही स्वस्थ बसण्याचे कारण नाही. खोटी वस्तू आली तर ती कोपऱ्यात टाकून गप्प राहणे हे सोयीचे असते, पण त्या मौनावरच हा व्यापार पोसला जातो. विक्रेत्याचे नाव असलेले बिल जपून ठेवावे, वस्तूची आणि वेष्टनाची छायाचित्रे घ्यावीत, तक्रार-अधिकाऱ्यास लेखी कळवावे, आणि दाद न मिळाल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीवर नोंद करावी. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे फिर्याद करण्याचा हक्क दिला आहे, आणि वस्तूसाठी मोजलेली किंमत 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर त्यासाठी शुल्कही पडत नाही. अशा प्रत्येक फिर्यादीत विक्रेत्याबरोबर बाजार मांडणारासही प्रतिवादी करावे, अशी माझी आपणां सर्वांस आग्रहाची विनंती आहे. त्याच्या दस्तुरीचा हिशेब आयोगापुढे वारंवार मांडला गेला, की ‘मी केवळ मध्यस्थ’ हे उत्तर देणे त्यास उत्तरोत्तर कठीण होईल, आणि बाजाराचे उत्पन्न घेणाराने बाजाराची जोखीमही घ्यावी हा जुना न्याय या नव्या पेठेतही लागू करणे कायदे करणारांस भाग पडेल.