दोन जिवांची काळजी

घरात पोटुशी बाई असली की सारे घर सावध होते. जड उचलू नको, पपई खाऊ नको, ग्रहणात बाहेर पडू नको, असे दहा जण दहा गोष्टी सांगतात. त्यांतल्या काही शास्त्राला धरून असतात, काही नसतात. हेतू मात्र एकच, दोन्ही जीव सुखरूप राहावेत. कोरोनाच्या साथीत, २०२१ साली, पुष्कळ गरोदर बायका लस घ्यायला कचरल्या. त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते न्यायाचे नव्हे.

जरा आठवून पाहा. आपल्या देशात ही लस टोचायला १६ जानेवारी २०२१ रोजी सुरुवात झाली. तेव्हा गरोदर बायकांना ती देऊ नये, असे सरकारनेच सांगितले होते. कारण लशीच्या पहिल्या मोठ्या चाचण्यांत गरोदर बायका घेतलेल्या नव्हत्या. पुढे २ जुलैला परवानगी मिळाली. जानेवारीत 'नको' आणि जुलैत 'घ्या'! मग एखादी सासू म्हणाली, "सूनबाई, बाळंत होईस्तोवर थांब गं," तर तिला बोल कसा लावायचा?

मधल्या सहा महिन्यांत काय कळले, ते तिला सांगायला हवे होते. कळले ते असे. गरोदर बाईला कोरोना झाला, तर तो इतर बायकांपेक्षा जड जाण्याचा धोका अधिक. दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचाही धोका अधिक. परदेशांत हजारो गरोदर बायकांनी लस घेतली, त्यांच्यात गर्भपात वाढलेले दिसले नाहीत. तिकडच्या लशी बहुतेक निराळ्या होत्या, हे खरे. पण आपल्याकडच्या लशींतही शरीरात वाढेल असा विषाणू नव्हता. शिवाय लशीमुळे आईच्या रक्तात तयार होणारी संरक्षक द्रव्ये वारेतून बाळापर्यंत पोचतात, हेही दिसून आले.

आता दुसरी बाजू पाहा. याच बायका धनुर्वाताचे इंजेक्शन बिनतक्रार घेतात. एके काळी कितीतरी तान्ही बाळे जन्मल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत आखडून दगावत. आयांना इंजेक्शन मिळू लागले, बाळंतपणे स्वच्छ होऊ लागली, आणि २०१५ साली आईच्या व नवजात बाळाच्या धनुर्वाताचे आपल्या देशातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. या इंजेक्शनावरचा विश्वास एका दिवसात बसला नाही. ओळखीच्या नर्सबाईंनी वर्षानुवर्षे घरोघर जाऊन तो मिळवला.

गुरुजनांना आणि आशाताईंना एवढेच सांगणे आहे. पुन्हा कधी साथ आली, तर नुसता हुकूम सांगू नका. सल्ला बदलला असेल, तर का बदलला ते सांगा. हात दुखेल, एखादा दिवस ताप येईल, क्वचित मोठा त्रासही होऊ शकतो, हे लपवू नका. लपवलेली गोष्ट बाहेर आली की खऱ्या गोष्टीवरचाही विश्वास उडतो. सासूबाईंना आणि नवऱ्यालाही बोलण्यात घ्या. मात्र शेवटचा होकार त्या बाईचा असू द्या.

आणि भगिनींनो, तुम्ही शंका मनात कुढत ठेवू नका. उपकेंद्रात जा, विचारा, समजेपर्यंत पुन्हा विचारा. विचारण्यात कसला आलाय संकोच? काळजी तर दोन जिवांची आहे.