पुलाचा घसारा कोणी भरायचा?

(जिल्हा मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर पुढचे वक्ते बोलणार आहेत. आम्ही आज पुलांवर बोलणार आहोत. कपाशी-ज्वारीवाल्यांच्या मेळाव्यात पुलांचे काय काम, असे कोणाला वाटेल. आपण कोरडवाहू माणसे. कालव्याचे पाणी आपल्या बांधापर्यंत आले नाही, पण कालवा मात्र पुष्कळ ठिकाणी आपल्या वाटेत आडवा आला. कापूस जिनिंगला न्यायचा तर त्याच्यावरचा पूल ओलांडावा लागतो. ज्वारी बाजार समितीत न्यायची तरी तोच पूल. तो खचला आणि जड वाहनांना बंदीची पाटी लागली, की ट्रक लांबचा फेरा घेतो. त्या फेऱ्याचे डिझेल व्यापारी पदरचे भरत नाही. क्विंटलमागे तो ते आपल्या भावातून कापतो. म्हणजे पुलाचा प्रश्न हा भावाचाच प्रश्न आहे.

या प्रश्नाचा हिशेब कसा मांडायचा, ते समजण्यासाठी एक लांबचे उदाहरण घेऊ. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात केप कॉड नावाचा जमिनीचा एक हात समुद्रात गेलेला आहे. त्याला वळसा घालताना जहाजे फुटत, म्हणून ऑगस्ट बेलमाँट नावाच्या न्यूयॉर्कच्या सावकाराच्या कंपनीने तिथे जहाजांसाठी आरपार कालवा खोदला. १९१४ साली तो सुरू झाला. जहाजांकडून टोल घ्यायचा आणि भांडवल वसूल करायचे, असा बेत होता. कालव्याने गावांचे रस्ते तुटले, म्हणून कंपनीनेच त्यावर उघडझाप करणारे पूल बांधले. पण पुलांखालची वाट अरुंद, पाण्याला ओढ जबर. जहाजवाले कचरू लागले आणि टोलचा धंदा काही जमला नाही. शेवटी १९२८ साली केंद्र सरकारने कालवा विकत घेतला आणि लष्कराच्या इंजिनिअर खात्याकडे सोपवला.

या खात्याने कालवा रुंद केला आणि त्यावर बोर्न व सॅगमोर असे दोन उंच लोखंडी पूल बांधले. १९३५ साली ते खुले झाले. मधला गाळा ६१६ फुटांचा आणि खालून मोठे जहाज जावे म्हणून उंची १३५ फूट. त्या काळाच्या मानाने काम उत्तम होते. आज पलीकडे दोन लाखांवर वस्ती आहे आणि त्या सगळ्यांना मोटारीने ये-जा करायला हेच दोन पूल आहेत.

आता नव्वद वर्षे झाली. खारी हवा लोखंड खाते. पुलावर चार पदर आहेत, पण एकेक पदर दहाच फुटांचा आणि बाजूला थांबायला जागा नाही. एक गाडी बंद पडली की मागे रांग लागते. १९३५ सालच्या गाड्यांसाठी जे पुरेसे होते, ते आजच्या ट्रकला पुरत नाही.

मग त्या खात्याने हिशेब मांडला. आहे त्या पुलांची मोठी दुरुस्ती करावी, की नवे बांधावेत? दुरुस्ती दिसायला स्वस्त. पण ती करायची तर महिनोन्महिने पदर बंद, काही काळ पूलच बंद. आणि एवढे करून पूल जुना तो जुनाच, पदर दहाच फुटांचे. काही वर्षांनी पुन्हा तेच. २०२० साली अहवालाने सांगितले की दोन्ही पूल बदलणेच शहाणपणाचे आहे. हा हिशेब आपल्याला नवा नाही. जुन्या ऑइल इंजिनावर दर हंगामाला खर्च करता करता एक दिवस लक्षात येते, की एवढ्यात नवे आले असते. शिवाय इंजिन बंद होते त्या दिवसांत वाळलेले पीक वेगळेच.

आणि इथेच त्या श्रीमंत देशाचीही अडचण झाली. दोन्ही पुलांचा खर्च २०२३ च्या अंदाजाने सुमारे ४५० कोटी डॉलर. नव्वद वर्षे पूल वापरला, पण तो बदलायला लागेल म्हणून बाजूला काढलेली तयार रक्कम नव्हती. अर्ज करावे लागले, आधीचे अर्ज नाकारलेही गेले. शेवटी २०२३ च्या डिसेंबरात केंद्राकडून ३७ कोटी २० लाख डॉलर मंजूर झाले, २०२४ च्या मार्चमध्ये ३५ कोटी आणि जुलैमध्ये ९९ कोटी ३० लाख. राज्याने स्वतःचे ७० कोटी देण्याचे कबूल केले. तरीही दोन्हींना पैसा पुरेना, म्हणून आधी सॅगमोरचा पूल घ्यायचे ठरले. नवा पूल जुन्याच्या शेजारी उभारायचा आणि तोवर जुन्यावरून वाहतूक चालू ठेवायची, अशी योजना आहे.

भावांनो, यातून तीन गोष्टी घ्यायच्या.

पहिली. ज्याने वाट तोडली, त्यानेच ती जोडायची. तिकडे कालवा ज्याच्या ताब्यात, पुलाची जबाबदारीही त्याच्यावर राहिली. हे तत्त्व आपल्याकडेही नवे नाही. १८७३ सालच्या उत्तर हिंदुस्थानच्या कालवा कायद्यात इंग्रजांनीच लिहून ठेवले, की कालव्यालगतच्या रहिवाशांना ओलांडायची सोय सरकारने सरकारी खर्चाने करावी. इंग्रजाला शेतकऱ्याचा पुळका होता असे नाही. रस्ता तुटला तर माल बंदरावर पोचत नाही, एवढे त्याला कळत होते.

दुसरी. घसारा. शेतीच्या उत्पादनखर्चात अवजारांचा घसारा धरावा लागतो, हे आता कृषिमूल्य आयोगही मानतो. मग पुलाचा घसारा का नको? पूल बांधला, फीत कापली, कोनशिला बसवली की खर्च संपला असे सरकार समजते. खरे तर त्याच दिवशी पूल झिजायला लागतो. आणि आपण काही फुकटात मागत नाही. डिझेलच्या प्रत्येक लिटरमागे रस्त्यांच्या नावाने उपकर जातो. २००० साली त्यासाठी केंद्रीय रस्ते निधीचा कायदा झाला. जो ट्रॅक्टर वावराबाहेर फारसा निघत नाही, त्याच्या डिझेलमधूनही हा उपकर वसूल होतो. पैसे भरणाऱ्याला हिशेब मागण्याचा हक्क आहे.

तिसरी. नवा पूल होईपर्यंत जुन्याची वाट बंद होता कामा नये, आणि जुना पडेपर्यंत नव्याची वाट पाहता कामा नये. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ सालचा दगडी पूल पुरात वाहून गेला. एस.टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह गेल्या. त्यानंतर नवा पूल वर्षाच्या आत बांधून झाला, ५ जून २०१७ ला सुरूही झाला. म्हणजे पैसा होता, इंजिनिअर होते, सिमेंट-लोखंडही होते. ते सगळे माणसे गेल्यावर एकत्र आले.

आता काम. आपल्या भागात कालव्यावरच्या पुलाबद्दल विचारायला गेले की पाटबंधारेवाले म्हणतात रस्ता बांधकाम खात्याचा, आणि बांधकामवाले म्हणतात पूल पाटबंधाऱ्याचा. कठडा तुटून वर्षे जातात, पण धनी सापडत नाही. म्हणून प्रत्येक तालुका शाखेने कापूस वेचणीला लागण्याआधी आपल्या रस्त्यांवरच्या कालवा-पुलांची यादी करावी. प्रत्येक पुलासमोर चार रकाने ठेवा: कोणत्या सालचा, मालकी कोणाची, शेवटची तपासणी कधी, किती वजनाला परवानगी. जिथे रकाना कोरा राहील, तिथे २००५ च्या माहितीच्या अधिकारात अर्ज टाका आणि ग्रामसभेचा ठराव जोडा. अर्ज दोन्ही खात्यांना द्या, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवायला जागा राहणार नाही.

पुढच्या मेळाव्याला या याद्या घेऊन या. जिल्ह्याचा एकच तक्ता करू आणि तो घेऊन कलेक्टर कचेरीत जाऊ. तिथे आपण एवढेच विचारायचे, की यातला कोणता पूल कोणत्या साली बदलणार आणि त्यासाठी आतापर्यंत किती रक्कम बाजूला काढली आहे. उत्तर लेखी घेतल्याशिवाय उठायचे नाही.