साखरझोपेच्या वेळी स्टिअरिंगवर

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आजच्या विषयावर खरं तर एखाद्या जुन्या ड्रायव्हरनंच बोलायला हवं होतं. संयोजकांना मी तसं सुचवलंही. पण मी ज्यांची नावं दिली, ते या वेळेला एकतर गाडीवर निघालेले असतात किंवा निघायच्या आधी तासभर पडलेले असतात. त्यांना उठवून या व्यासपीठावर आणणं मला डॉक्टर म्हणून शोभलं नसतं.

माझा दवाखाना कराडला, पुणे-बंगळूर हायवेपासून हाकेच्या अंतरावर. ट्रकवाले, एसटीवाले, खासगी आराम बसवाले, कंपनीच्या कॅबवाले, पेपरच्या गाडीवाले, सगळे येतात. बहुतेकांचं दुखणं ठरलेलं: पित्त, कंबर, मूतखडा, मूळव्याध. काही जण लायसन्ससाठी लागणाऱ्या फॉर्म १-ए वर सही घ्यायला येतात. त्या फॉर्मात मला नजर तपासायची असते, लाल-हिरवा रंग ओळखतो का ते पाहायचं असतं, रातांधळेपणा आहे का ते लिहायचं असतं. हा माणूस झोपतो कधी आणि किती, हे त्यात कुठंच विचारलेलं नाही. आज मी मुख्यतः त्याच राहून गेलेल्या प्रश्नावर बोलणार आहे.

पण आधी रात्री गाडी चालवण्याचे फायदे. रात्रपाळी म्हटलं की आपण लगेच ‘बिचारा’ म्हणून मोकळे होतो. त्या बिचाऱ्याला विचाराल तर तो तुम्हाला हसेल. कित्येक चालक रात्रपाळी मागून घेतात. रस्ता मोकळा असतो. दुचाक्या आडव्या येत नाहीत, चौकाचौकात वडाप उभी नसते, टोलवर रांग नसते. एप्रिल-मेमध्ये दिवसा ट्रकच्या केबिनमध्ये बसणं म्हणजे काय, हे बसल्याशिवाय कळणार नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली, हे चांगलंच झालं. पण आज रस्त्यावर जे जुने ट्रक धावताहेत त्यांच्या केबिनची भट्टी तशीच आहे. रात्री इंजिन तापत नाही, टायर तापत नाहीत, आणि माणूसही तापत नाही. मोठ्या शहरांत अवजड गाड्यांना दिवसा ठरावीक वेळेत नो एन्ट्री असते, म्हणजे रात्री निघालं नाही तर माल शहराच्या वेशीवर उभा. पुण्याच्या मार्केट यार्डात किंवा वाशीच्या बाजारात पहाटे भाजी उतरायची तर ती आपल्या भागातून रात्रीच निघायला हवी.

पैशाचंही आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला आणि रिक्षाला मध्यरात्री बारा ते पहाटे पाच मीटरवर पंचवीस टक्के जादा मिळतात. कुठं रात्रीचा भत्ता असतो, कुठं ट्रिप लवकर संपल्यामुळे महिन्याला एखादी ट्रिप वाढते. आणि दिवस हाताशी राहतो. तलाठ्याकडचा उतारा, बँक, सोसायटीचं कर्ज, आईला डोळ्याच्या डॉक्टरकडे न्यायचं, उसाला पाणी द्यायचं, ही सगळी कामं दिवसाचीच. माझा एक पेशंट मला म्हणाला, ‘डॉक्टरसाहेब, दिवसा मला चौघं साहेब असतात, रात्री एकही नसतो.’ हे सुख लहान नाही. चाळीस माणसं मागं निवांत झोपलीत आणि गाडी आपल्या हातात आहे, याचा एक अभिमानही असतो. मी तो अनेकांच्या बोलण्यात ऐकलाय.

तेव्हा रात्रपाळी वाईटच, असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. रात्री मोकळ्या मिळालेल्या रस्त्याचा फायदा प्रवासी, व्यापारी आणि मालक वाटून घेतात. झोपेची किंमत मात्र एकटा चालक भरतो. आणि ती रात्री भरायची नसते, दिवसा भरायची असते. दिवसा झोप मिळाली तर रात्रपाळी निभते. नाही मिळाली, तर भत्ता वाढवून काही उपयोग नाही.

आता थोडं शरीराबद्दल. आपल्या मेंदूत एक घड्याळ आहे आणि ते उजेडावर चालतं. हे घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं, याचा शोध फळमाश्यांवर प्रयोग करून लावणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ सालचं नोबेल मिळालं. या घड्याळानुसार पहाटे साधारण तीन ते पाचच्या दरम्यान शरीराचं तापमान सगळ्यात खाली येतं आणि सावधपणाही. म्हाताऱ्या माणसांनाही ज्या वेळी साखरझोप लागते, ती ही वेळ. दुपारी जेवणानंतर एक छोटी घसरण असते, पण पहाटेची ती मोठी.

आता हे वेळापत्रकाशी ताडून पाहा. मुंबईहून रात्री दहाला सुटलेली गाडी दीडच्या सुमाराला पुणं सोडते, चारच्या आसपास साताऱ्यात असते आणि पाचला आपल्या कराडात. उलट, कोल्हापुराहून दहाला निघालेली गाडी साडेतीनला पुण्यात आणि साडेचारच्या सुमाराला खंडाळ्याला, म्हणजे बोरघाट उतरायला लागलेली. चालकाचं शरीर सगळ्यात ढिलं पडतं तेव्हा एक गाडी आपल्या या सरळ पट्ट्यात असते आणि दुसरी उतारावर. ‘सकाळी सहाला पोचते’ म्हणून आपण ती गाडी निवडतो. हे वेळापत्रक प्रवाशाच्या सोयीनं बनलेलं असतं, त्यात गैर काही नाही; पण ते तसं बनलंय हे निदान माहीत असावं.

चालकांचा स्वतःचा अनुभव असा, की घाटात झोप येत नाही, घाट उतरला की येते. वळणावर हात-पाय कामात असतात, डोळा हलता असतो. सरळ रस्ता मात्र गुंगी आणतो. १ जुलै २०२३ च्या रात्री दीडच्या सुमाराला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बसचा अपघात होऊन आग लागली आणि २५ माणसं गेली. त्या अपघाताच्या कारणावर वाद झाला, त्यात मी पडत नाही. पण सरळसोट रस्त्यावर येणाऱ्या गुंगीची चर्चा महाराष्ट्रात एवढ्या मोठ्यानं झाली ती त्यानंतर, एवढं खरं.

डुलकी म्हणजे काय, तेही सांगतो. मान पडून घोरायला लागणं ही शेवटची पायरी. त्याच्या आधी डोळे उघडे असतात आणि मेंदू दोन-चार सेकंद बंद असतो. माणसाला स्वतःला ते कळतही नाही. ताशी ८० किलोमीटरच्या वेगात चार सेकंदांत गाडी जवळजवळ ९० मीटर पुढं गेलेली असते. अशा अपघातात रस्त्यावर ब्रेकच्या खुणा बहुतेक वेळा नसतात, कारण ब्रेक दाबायला कुणी जागं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘चालकाचा ताबा सुटल्याने’ असं येतं. केंद्र सरकारच्या रस्ते अपघात अहवालात अतिवेग, दारू, उलट्या दिशेनं येणं, सिग्नल तोडणं, मोबाइल असे नियमभंगाचे रकाने आहेत. झोपेला रकाना नाही. ती ‘इतर’मध्ये जाते. याच अहवालांत सगळ्यात जास्त अपघात संध्याकाळी सहा ते नऊमध्ये दिसतात, हे मी मुद्दाम सांगतो, नाहीतर कुणीतरी प्रश्नोत्तरांत विचारेलच. त्या वेळी रस्त्यावर गर्दीही तेवढी असते. पहाटे गाड्याच थोड्या, त्यामुळे अपघातांचा आकडा लहान दिसतो.

आणखी एक गोष्ट. सलग १७ तास जागा असलेला माणूस, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका मंद होतो, असं डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये मोजून दाखवलं. आपल्याकडे कायद्यानं मर्यादा आहे ०.०३ टक्के. म्हणजे सकाळी सहाला उठून दिवसभर घरची कामं केलेला आणि रात्री अकराला गाडी काढणारा निर्व्यसनी, माळकरी चालक पोलिसांच्या नळीत फुंकून सुटतो, पण त्याच्या प्रतिक्रिया पिऊन आलेल्याच्या असतात.

यावर चालकांनी उपाय शोधलेत. गळ्यात ओला टॉवेल, पापणीखाली बाम, दाढेत मिरची, मावा, तंबाखू, काच खाली, गाणी मोठ्यानं, क्लीनरशी भांडण. (क्लीनरशी भांडण हा मला त्यातल्या त्यात बरा वाटतो, निदान दोघं जागे राहतात.) टॉवेल-बामचा परिणाम पाच-दहा मिनिटं टिकतो. चहाचा उपयोग होतो, पण चढायला वीस-तीस मिनिटं लागतात. आपले लोक चहा पितात आणि लगेच गाडी काढतात, म्हणजे सगळ्यात झोपाळू वीस मिनिटं ते स्टिअरिंगवर काढतात. त्याऐवजी चहा प्यायचा, गाडी सुरक्षित जागी लावायची, मोबाइलवर गजर लावून वीस मिनिटं पडायचं. उठेपर्यंत चहानं काम सुरू केलेलं असतं. उठल्याबरोबर मात्र गाडी हलवायची नाही. तोंड धुवायचं, टायर बघायचे, मग निघायचं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो. करतात थोडे, पण जे करतात ते पुढच्या खेपेला येऊन सांगतात.

बाहेरची विघ्नं वेगळीच. आपल्या भागात ऊस हंगामात ट्रॉलीला मागं लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलानं भरलेला असतो. बंद पडलेल्या ट्रकमागं झाडाची फांदी आणि चार दगड ठेवले की मालकाची जबाबदारी संपली. समोरून येणारा अप्पर सोडत नाही, आणि चाळिशीनंतर डोळ्याला त्या झगझगाटातून सावरायला वेळ लागतो. यावर वेगळं व्याख्यान होईल.

मला थांबायचंय ते दिवसाच्या झोपेपाशी. एका पेशंटचं घर मी पाहिलंय. दोन खोल्या, वर पत्रा. सकाळी आठला तो येतो, ऊन डोळ्यावर घेऊन, म्हणजे शरीराला दिवस सुरू झाल्याची वर्दी मिळालेली. नऊला पडतो. बायकोनं खिडकीला काळी चादर खिळ्यांनी ठोकलीय. धाकटीला ती शेजारी पाठवते, कुकर लावते तोही शेजारणीकडे, कारण शिट्टीनं तो दचकून उठतो आणि मग पुन्हा डोळा लागत नाही. दहाला भंगारवाला येतो. साडेदहाला पत्रा तापतो. अकराला फोन: ‘झोपलायस होय? बरं, एकच मिनिट...’ मे महिन्यात मांडवातला डीजे. रात्री सात तास झोपणारा माणूस दिवसा पाचही भरत नाही, आणि ते पाचही तुकड्यातुकड्यांचे. वरून भावकीत बोलणं होतंच: ‘ह्याला काय, दिवसभर लोळतंय.’

त्या बाईनं शेवटी दारावर खडूनं लिहिलं, ‘रात्रीची ड्युटी आहे, एक वाजल्यानंतर या.’ गावानं थट्टा केली. मी म्हणतो, माझ्या चिठ्ठीवरच्या सगळ्या औषधांपेक्षा ते वाक्य जास्त गुणाचं होतं.

वर्षानुवर्षं झोप अशी अपुरी राहिली की वजन, साखर, रक्तदाब वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात २००७ मध्ये टाकलं आणि २०१९ मध्ये ते कायम ठेवलं. घाबरून जाऊ नका. त्याच गटात तांबडं मटणही आहे. पण जो चालक मोठ्यानं घोरतो, झोपेत ज्याचा श्वास अडकतो आणि आठ तास झोपूनही जो पेंगतो, त्यानं आधी तपासून घ्यावं. त्याला कितीही सुट्ट्या दिल्या तरी झोप पुरणार नाही.

आणि सगळ्यात वाईट काय, तर आठवडाभर रात्र, मग दोन दिवस सकाळ, मग पुन्हा रात्र. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभर सरकतं. ते सरकून जागेवर यायच्या आत आपण त्याला उलटं फिरवतो. कायम रात्र करणाराही पूर्ण रुळत नाही, पण तो फिरत्या पाळीवाल्यापेक्षा बरा, असं मला तरी दिसतं.

कायदा यात नवा नाही. १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्यातच दिवसाला आठ तास, पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि दोन ड्युट्यांमध्ये सलग नऊ तास विसावा लिहिलेला होता. पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला. एक-दोन ट्रकवाल्या मालकाकडे, किंवा कर्ज काढून स्वतःचाच ट्रक चालवणाऱ्याकडे, तो पोचलाच नाही. शिवाय कागदावरच्या नऊ तासांत गाडी धुणं, हिशोब देणं, घरी जाणं आणि परत येणं हे सगळं बसतं.

विमानाचं पाहा. २०२५ मध्ये वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आणली. डिसेंबरमध्ये एका मोठ्या कंपनीला त्यासाठी वैमानिक पुरेनात, उड्डाणं ढिगानं रद्द झाली आणि देशभर त्याचीच बातमी. नियमाला सूट द्यावी लागली, हे वेगळं. पण कुणीतरी रात्र मोजली. आपल्या आराम बसमधल्या चालकाच्या रात्री कुणीच मोजत नाही.

तुम्ही-आम्ही काय करू शकतो? तिकीट काढताना सीट खिडकीची आहे का विचारतो, तसं दोन ड्रायव्हर आहेत का, हेही विचारा. असतील तर दुसरा झोपतो कुठं, तेही. काही गाड्यांत त्याची जागा सामानाच्या डिकीत असते. पहाटे गाडी ढाब्यावर अर्धा तास थांबली तर ‘किती वेळ लावताय’ म्हणून केबिनचं दार वाजवू नका. लग्नाला गाडी ठरवाल तेव्हा दिवसभर वऱ्हाडाबरोबर राबवलेल्या चालकाला रात्रीच परत निघायला लावू नका. त्याला जेवण देता, तशी एक अंधारी, पंखा असलेली खोली द्या. ज्यांच्या कंपनीची कॅब रात्रीची आहे, त्यांनी चालक दिवसा दुसरीकडे ॲपवर गाडी चालवतो का, याची चौकशी करावी. तो कबूल करणार नाही. पण हप्ता किती आहे ते विचारलंत तर तुमच्या लक्षात येईल.

आता प्रश्न घेऊ. फक्त, झोप येऊ नये म्हणून कोणती गोळी चालेल, एवढं विचारू नका. मी ती देत नाही, आणि मेडिकलवाला देत असेल तर त्याचं दुकान मला दाखवा.