अंगठ्याची किंमत



आम्ही आयुष्यभर शाळेत मुले शिकवली. आता पुण्यात रात्रीच्या वर्गात मोठ्या माणसांना अक्षरे शिकवतो. आम्ही नुसते मॅट्रिक, वकील नव्हे. तरी आज कायद्याचे चार शब्द सांगणार आहोत. त्याला कारणही तसेच घडले.

आमच्या वर्गात तिशीचा एक गृहस्थ येऊ लागला. पेन्सिल डाव्या हातात धरी. उजवा हात सदा खिशात. आम्ही विचारले, "डावखुरा आहेस का रे?"

तो म्हणाला, "नाही गुरुजी. उजवा अंगठा प्रेसमध्ये गेला."

सहा माणसांचे लहान वर्कशॉप. मालकाने दवाखान्याचा खर्च केला, हातावर वीस हजार रुपये ठेवले आणि एका कागदावर त्याचा अंगठा घेतला. कागदावर काय लिहिले होते, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "ते कुठं वाचता येत होतं? उजवा गेला होता, म्हणून डावा दिला."

कागद त्याने जपून ठेवला होता. आम्ही वाचला. 'माझी यापुढे कसलीही मागणी नाही,' असे त्यात होते.

मंडळी, कामावर अंग गमावलेल्या माणसाला मिळणारे पैसे ही मालकाची मेहेरबानी नव्हे. तो हक्क आहे. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. रविवारची सुट्टी मागितली. त्याच अर्जात आणखी एक मागणी होती : कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा, आणि जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटाची सोय व्हावी. रविवारची सुट्टी 1890 साली मिळाली. भरपाईचा कायदा मात्र 1923 साली झाला, तोवर लोखंडे हयात नव्हते. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामील झाला आहे. मूळ हक्क कायम आहे.

हिशेब कसा होतो, ते पाहू. कोणते अंग गेले म्हणजे कमावण्याची ताकद किती गेली, याचा तक्ता कायद्यात आहे. एक अंगठा गेला, तर शेकडा 30. एका हाताची दोन बोटे गेली, तर 20. चारही बोटे गेली, तर 50. एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असला, तर 40. दोन्ही हात गेले, तर पुरे 100.

हिशेब सोपा जावा म्हणून महिन्याचा पगार 10,000 रुपये धरू. त्याचे शेकडा 60 म्हणजे 6,000. वय 30 असेल, तर त्याला 207.98 ने गुणायचे. झाले 12,47,880. अंगठ्याचे त्यातले शेकडा 30, म्हणजे 3,74,364 रुपये. आमच्या गृहस्थाला मिळाले होते वीस हजार!

आम्ही हा आकडा फळ्यावर लिहिला, तेव्हा वर्गात कोणी बोलेना.

मग त्या कागदाचे काय? भरपाईचा हक्क सोडून देण्याचा करार कायदा मानत नाही. "चूक तुझीच होती," असे मालक म्हणतो. नुसत्या चुकीने हक्क जात नाही. पण दारू पिऊन काम केले, किंवा मशीनवरचे संरक्षक झाकण जाणूनबुजून काढले, आणि त्यामुळे बोट गेले, तर मालक हात वर करू शकतो. तेव्हा तेवढे सांभाळा.

जिथे दहा किंवा जास्त माणसे कामाला आहेत, तिथे बहुधा कामगार राज्य विमा योजना असते. तिलाच आपण ई. एस. आय. म्हणतो. तिच्यात नाव असले, तर भरपाई मालकाकडून नव्हे, महामंडळाकडून मिळते. कायमचे अपंगत्व आले, तर डॉक्टरांचे मंडळ तपासते आणि त्या प्रमाणात दरमहा पैसे जन्मभर मिळतात. आपल्या बिबवेवाडीत या योजनेचे रुग्णालय आहे. आपले नाव आणि नंबर या योजनेत आहे की नाही, हे अपघात होण्याआधी विचारून ठेवा.

आणि अपघात झालाच, तर एवढे करा. त्याच दिवशी मालकाला लेखी कळवा. दवाखान्यात 'काम करताना लागले' असे लिहवून घ्या. केसपेपर, पगाराची चिठ्ठी, हजेरी, बरोबरच्या माणसांची नावे जपून ठेवा. अर्ज दोन वर्षांच्या आत करा. वाचल्याशिवाय कशावरही अंगठा देऊ नका. वाचता येत नसेल, तर कागद घरी आणा आणि विश्वासाच्या माणसाकडून वाचून घ्या. सही उद्या करता येते. केलेली सही निस्तरायला वर्षे जातात.

आमच्या गृहस्थाची दोन वर्षे भरायला दोन महिने उरले होते. वर्गातच अर्ज तयार झाला. खाली अंगठ्यासाठी आम्ही शाईचे पॅड पुढे केले. त्याने ते बाजूला सारले आणि डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरांत, स्वतःचे पूरे नाव लिहिले. निकाल अजून लागायचा आहे. पण या खेपेस अर्जात काय लिहिले आहे, ते त्याला ठाऊक आहे.